फावल्या अर्ध्या तासाचा हिशेब : ऑनलाइन रिवॉर्ड्समधून वरखर्चापुरते पैसे कसे मिळवावेत

ठाण्याच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांवरून सुटणाऱ्या वाशी लोकलमध्ये थोडे लवकर पोहोचले की बसायला जागा मिळते, आणि वाशी येईपर्यंतचा जवळपास अर्धा तास मोकळा हाती लागतो. या वेळात कोणी जप करतो, कोणी डुलकी काढतो, आणि अलीकडे बरेच जण सर्व्हे भरताना, स्क्रॅच कार्ड खरवडताना किंवा कुठल्यातरी अ‍ॅपवरचे पॉइंट मोजताना दिसतात. मीही त्यांतलाच एक आहे. नोकरी हिशेबाची असल्यामुळे दोन वर्षे या सगळ्याची शंभर पानी वहीत नोंद ठेवली, आणि पुढे जे लिहीत आहे ते त्या वहीच्या आधारानेच लिहीत आहे.

सर्वांत आधी आकडा सांगतो, कारण तो कळल्यावर अर्ध्या वाचकांचा उत्साह योग्य त्या पातळीवर येईल. माझा सर्वांत चांगला महिना ६१४ रुपयांचा होता आणि सर्वांत वाईट ३८ रुपयांचा. सणासुदीच्या खरेदीवरचा कॅशबॅक त्या चांगल्या महिन्यात जमा झाला होता, म्हणजे ती रक्कमही पूर्णतः कमाई म्हणता येणार नाही. मोबाइलचे रिचार्ज सुटते, एखादे पुस्तक येते, मुलांच्या वाढदिवसाच्या केकला हातभार लागतो, एवढीच या उद्योगाची धाव. घरखर्च चालवण्याच्या अपेक्षेने यात उतरणाऱ्याने तोच वेळ शिकवणीला किंवा डबे करून देण्याला द्यावा, हे मी अगदी मनापासून सांगतो.

वही आधी, अ‍ॅप नंतर

एखादी साधी वही घेऊन तिच्यात सहा रकाने आखावेत : तारीख, कार्यक्रमाचे नाव, लागलेली मिनिटे, कबूल केलेली रक्कम, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, आणि ती कोणत्या रूपात मिळाली, म्हणजे रोख, व्हाउचर की नुसते पॉइंट. यातला मिनिटांचा रकाना भरण्याचा बहुतेकांना कंटाळा येतो, आणि नेमका तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. समजा, वीस मिनिटांच्या एका सर्व्हेचे २५ रुपये मिळाले. तासाला ७५ रुपये पडले असे वाटते. परंतु त्याच्या आधी दोन सर्व्हेंनी सहा आणि नऊ मिनिटे खर्ची घालून ‘आपण पात्र नाही’ म्हणून बाहेर काढलेले असते. ती पंधरा मिनिटे मिळवली की एकूण पस्तीस मिनिटे होतात आणि भाव तासाला ४३ रुपयांवर घसरतो. महिनाअखेरीस प्रत्येक कार्यक्रमाचा असा तासाचा भाव काढावा आणि जो तळाला असेल तो निर्दयपणे काढून टाकावा. मी स्वतःसाठी तासाला ६० रुपयांची मर्यादा ठरवली आहे. इतरांनी आपापल्या वेळेची किंमत स्वतः ठरवावी.

वही झाली की दुसरी तयारी म्हणजे वेगळा ई-मेल पत्ता. बँक, आयकर, मुलांची शाळा यांच्यासाठी जो पत्ता वापरला जातो तो सर्व्हे कंपन्यांना कधीही देऊ नये, कारण एकदा दिल्यावर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो आणि त्यात कामाचे पत्र वाहून जाते. शक्य असल्यास पैसे जमा होण्यासाठी कमी शिल्लक असलेले बचत खाते निराळे ठेवावे. अ‍ॅप अधिकृत प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्यावे. कोणी पाठवलेल्या लिंकवरून फाइल उतरवून घेऊ नये. उतरवल्यानंतर ते कसली परवानगी मागते हे थांबून वाचावे. सर्व्हेच्या अ‍ॅपला तुमचे एसएमएस आणि संपर्कयादी वाचण्याचे काही कारण नसते. एसएमएस वाचणाऱ्याला ओटीपीही दिसतो. वॉलेटसाठी केवायसी करावी लागते तेव्हा ओळखपत्र देणे भाग असते, मात्र आधारची प्रत द्यायचीच झाली तर यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार घ्यावा, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. दहा रुपयांच्या सर्व्हेसाठी आधार मागणाऱ्याला नकार देऊन पुढे जावे.

सर्व्हे : बाहेर का काढतात आणि कसे टिकावे

सुरुवात करण्यास सर्वांत निरुपद्रवी म्हणजे गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स. वय १८ पूर्ण असावे लागते. प्रश्न दोन-चारच असतात आणि बहुधा मिनिटभरात संपतात. अँड्रॉइड फोनवर मोबदला रोख मिळत नाही, तर गूगल प्लेच्या शिलकीच्या रूपात जमा होतो, आणि तोही मिळाल्यापासून वर्षभरात वापरला नाही तर बाद होतो. प्ले बुक्सवर मराठी ई-पुस्तके मिळत असल्यामुळे मला ही अट जाचत नाही. ज्याला अ‍ॅप किंवा पुस्तके विकत घ्यायची नाहीत त्याला मात्र या शिलकीचा उपयोग नाही. बरेचसे प्रश्न ‘अलीकडे तुम्ही यांपैकी कोणत्या दुकानात गेला होता’ अशा धर्तीचे असतात, म्हणून फोनचे लोकेशन चालू असले तर सर्व्हे अधिक येतात. आपण कुठे कुठे फिरतो हे सतत कळवत राहण्याच्या बदल्यात आठवड्याला काही रुपये घ्यायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. आणि न गेलेल्या दुकानात गेलो होतो असे कधीही सांगू नये. असे प्रश्न खरेपणा तपासण्यासाठीही पेरलेले असतात आणि उत्तरांत विसंगती सापडली की सर्व्हे येणे कमी होते.

त्याहून मोठे सर्व्हे पॅनेल कंपन्यांचे असतात, म्हणजे सर्व्हे भरण्यासाठी नोंदणी केलेल्या सदस्यांची यादी बाळगणाऱ्या कंपन्यांचे. २००० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली यूगव्ह, तसेच टोलुना ही यांतली जुनी नावे असून दोन्हींची पॅनेल भारतातही आहेत. येथे नवख्याला होणारा मनस्ताप म्हणजे अर्ध्यातून बाहेर काढले जाणे. माझ्या वहीत एका बुधवारची नोंद आहे : ऐरोलीला वॉशिंग मशीनविषयीचा सर्व्हे उघडला, कुटुंबात माणसे किती, मशीन वरून कपडे टाकायचे की समोरून, किती वर्षांपूर्वी घेतले, दुरुस्ती कोणाकडून केली, असे सगळे सांगून झाले, गाडी कोपरखैरण्याला पोहोचली तेव्हा नऊ मिनिटे झाली होती आणि पडद्यावर आभार मानणारे वाक्य आले. मोबदला शून्य. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझा चेहरा पाहून विचारले, “काय हो, पाठवलेले पैसे अडकले का?”

असे का होते हे समजून घेतले की राग थोडा निवळतो. सर्व्हे करवून घेणाऱ्या कंपनीला ठरावीक वयाची, ठरावीक उत्पन्नाची, ठरावीक शहरांतली माणसे ठरावीक संख्येने हवी असतात. आपल्या गटातला कोटा भरला की पुढच्या माणसाचे उत्तर त्यांच्या उपयोगाचे नसते. यावर उपाय दोनच. नोंदणी झाल्याबरोबर स्वतःची माहिती संपूर्ण आणि खरी भरावी, म्हणजे न जुळणारे सर्व्हे मुळात कमी येतात; आणि निमंत्रण आल्यावर शक्य तितक्या लवकर उघडावे, कारण संध्याकाळपर्यंत कोटा भरून जातो. काही पॅनेल बाहेर काढताना सांत्वनापुरते थोडे पॉइंट देतात. तशी पॅनेल धरून ठेवावीत.

भरताना घाई करू नये. मध्येच ‘या ओळीत पूर्णतः असहमत हा पर्याय निवडा’ अशी ओळ येते. ती लक्ष तपासण्यासाठी असते आणि तिथे चुकणाऱ्याचे सगळे श्रम वाया जातात. सर्व ओळींत एकाच रकान्यावर बोट दाबत जाणाऱ्यांना प्रणाली बरोबर ओळखते. उत्पन्न फुगवून सांगितले तर महागड्या गाड्यांचे सर्व्हे येतील हे खरे आहे, पण पुढच्या महिन्यात तोच प्रश्न फिरून आला आणि उत्तर जुळले नाही तर खातेच बंद होते, आणि साठलेले पॉइंटही त्याच्याबरोबर जातात.

नाव नोंदवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे किमान किती रक्कम जमल्यावर पैसे काढता येतात. पॉइंटचा आकडा फसवा असतो. शंभर पॉइंट म्हणजे शंभर रुपये असे समजण्याचे कारण नाही. पॉइंटची रुपयांत किंमत काढावी, आठवड्याला सरासरी किती जमतात ते पहिल्या पंधरवड्यात पाहावे, आणि किमान मर्यादा गाठायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागत असेल तर तिथेच थांबावे. एकाच घरात एकाच माणसाच्या नावाने दोन खाती, खोटे ठिकाण दाखवणारे व्हीपीएन, आपोआप बटणे दाबणारी अ‍ॅप्स, असले उद्योग केल्यास ऐन पैसे काढण्याच्या वेळी खाते गोठवले जाते.

कॅशबॅक : कमाई नव्हे, सूट

कॅशबॅकच्या संकेतस्थळांचे गणित सोपे आहे. त्यांच्या लिंकवरून आपण एखाद्या दुकानाच्या साइटवर गेलो आणि खरेदी केली, की दुकान त्या संकेतस्थळाला कमिशन देते आणि त्यातला हिस्सा आपल्याला मिळतो. २०१३ साली भारतात सुरू झालेल्या कॅशकरोचा व्यवसाय याच तत्त्वावर उभा आहे. आपण लिंकवरून आलो हे ब्राउझरमधल्या कुकीवरून, म्हणजे साइटने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीवरून कळते, म्हणून सगळी मेख त्या कुकीत आहे. वस्तू आधीच कार्टमध्ये टाकून ठेवली असेल, मध्येच दुसऱ्या साइटवर कूपन शोधायला गेलो असू, किंवा जाहिराती अडवणारे अ‍ॅप चालू असेल, तर माग तुटतो आणि कॅशबॅक नोंदला जात नाही. यासाठी कार्ट रिकामे करून, कॅशबॅकच्या साइटवरून ताज्या लिंकने जाऊन, त्याच बैठकीत पैसे भरून खरेदी संपवावी, आणि ऑर्डर क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवावा. नोंद झाली नाही तर तक्रार करताना हाच पुरावा लागतो.

नोंद झाल्यावर रक्कम आधी ‘प्रलंबित’ दिसते. वस्तू परत करण्याची मुदत संपून दुकानाने कमिशन दिल्यावरच ती पक्की होते, आणि त्यात काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही जातात. वस्तू परत केली तर कॅशबॅकही जातो. तोपर्यंत ही रक्कम वहीत पेन्सिलीने लिहावी. मला स्वतःला हा प्रकार सर्व्हेपेक्षा किफायतशीर वाटतो, कारण यात मिनिटे जवळजवळ लागत नाहीत. परंतु जी वस्तू एरवी घेतलीच नसती ती आठ टक्के कॅशबॅकपायी घेतली, तर उरलेले ब्याण्णव टक्के आपण आपल्या खिशातून घातलेले असतात. पुढच्या महिन्यात लागणाऱ्या वस्तूंची यादी आधी करावी, मग कॅशबॅक शोधावा. उलट क्रमाने कधीच जाऊ नये.

यूपीआय अ‍ॅप्सवरच्या स्क्रॅच कार्डांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०१७ मध्ये तेज या नावाने आलेल्या आणि पुढच्याच वर्षी गूगल पे झालेल्या अ‍ॅपने ही सवय घरोघरी लावली. नवे ग्राहक जोडण्याच्या त्या दिवसांत खऱ्याखुऱ्या रकमा निघत. आता बहुधा दुसऱ्या कोणाच्या मालावरचे कूपन निघते. निघाले तर घ्यावे, त्यासाठी मुद्दाम व्यवहार करू नये. लोकलने जाणाऱ्यांना त्यापेक्षा रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपमधले आर-वॉलेट, म्हणजे तिकिटांसाठी आगाऊ पैसे भरून ठेवायचे खाते बरे. त्यातून अनारक्षित तिकीट काढल्यास ३ टक्के परत मिळतात, आणि हे पैसे नशिबावर अवलंबून नसतात.

क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांबाबत एकच हिशेब मांडतो. महिन्याला २०,००० रुपयांच्या खर्चावर एक टक्का धरला तर २०० रुपये मिळतात. बिल पूर्ण न भरता पुढे ढकलले, तर महिना साडेतीन टक्के दराने ७०० रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी लागतो, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. जो दरमहा पूर्ण बिल भरतो त्यानेच पॉइंटांचा विचार करावा, आणि त्यानेही वार्षिक शुल्क व पॉइंट वटवण्याचे शुल्क वजा करून पाहावे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय झाल्यापासून किराणा दुकानातही पॉइंट मिळू लागले आहेत. मात्र जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी आपल्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावला असेल तर तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही, ते व्यापारी क्यूआरवरच चालते. त्यांच्याशी यावरून हुज्जत घालू नये.

जाता जाता एक आडवळणाची, पण माझ्या वहीत सर्वांत वरच्या भावाची नोंद सांगतो. महावितरणच्या बिलावर एक तारीख छापलेली असते आणि ‘या तारखेपर्यंत भरल्यास’ म्हणून थोडी कमी रक्कम दिलेली असते. तत्पर भरण्याची ती सवलत सुमारे एक टक्का असते. ऑनलाइन भरल्यास पाव टक्का सूट मिळते, आणि कागदी बिल नको असे कळवून गो-ग्रीन योजनेत गेल्यास बिलामागे १० रुपये कमी होतात. गो-ग्रीनची नोंदणी करायला मला चार मिनिटे लागली, आणि ती एकदाच करावी लागते. तासाचा भाव ज्याचा त्याने काढावा.

जिथे आधी पैसे मागतात

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांची हकीकत थोडक्यात देतो. त्यांना अनोळखी क्रमांकावरून निरोप आला की हॉटेलांना ऑनलाइन पाच तारे द्या आणि प्रत्येकी १५० रुपये मिळवा. तीन हॉटेलांचे ४५० रुपये खरोखरच खात्यात आले. मग त्यांना एका गटात घेतले गेले, जिथे इतर ‘सदस्य’ रोज आपल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत होते. पुढचे काम ‘प्रीपेड’ होते : २,००० भरा, २,८०० घ्या. तेही मिळाले. नंतर १०,०००, नंतर त्याहून मोठी रक्कम. एका संकेतस्थळावर त्यांची शिल्लक वाढत चाललेली दिसत होती, पण काढायला गेले की आधी कर भरा, मग खाते खुले करण्याचे शुल्क भरा, असे सुरू झाले. ८६,००० रुपये गेल्यावर ते माझ्याकडे आले. मी विचारले, “काका, संशय कसा आला नाही?” ते म्हणाले, “अहो, त्यांनी आधी पैसे दिले होते हो!”

गळाला आमिष लावल्याशिवाय मासा लागत नाही, एवढेच त्या ४५० रुपयांचे कारण होते. खऱ्या रिवॉर्ड कार्यक्रमात पैशांचा प्रवाह एकाच दिशेने असतो, त्यांच्याकडून आपल्याकडे. नोंदणीसाठी, वरच्या श्रेणीसाठी किंवा पैसे सोडवण्यासाठी एक रुपयाही भरावा लागला तर ते खाते त्याच क्षणी सोडून द्यावे. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच घालावा लागत नाही. ‘तुमचे बँक खाते महिन्याला भाड्याने द्या’ हा प्रस्ताव तर याहून धोक्याचा आहे, कारण अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलिसांच्या चौकशीत पहिले नाव खातेदाराचे येते. माणसे जोडण्याबद्दलच पैसे देणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा रेफरल बोनस घेतानाही तो एका पायरीपुरता आहे की खालच्या माणसांच्या खालच्या माणसांपर्यंत जातो, हे पाहावे.

फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी कळवले तर ते गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे असतात. काकांनी लाजेपायी दीड दिवस कोणालाच सांगितले नाही, आणि तेवढ्यात बहुतेक रक्कम निघून गेली होती. तक्रारीसाठी व्यवहारांचे क्रमांक, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि समोरच्याचे यूपीआय पत्ते जपून ठेवावेत. रागाच्या भरात गट पुसून टाकू नये.

काढून घेणे आणि आवरणे

जमलेले पैसे किमान मर्यादा गाठताच काढून घ्यावेत. मी एकदा ५०० रुपयांचे व्हाउचर दिवाळीसाठी म्हणून ई-मेलमध्येच राहू दिले. दिवाळीच्या आठवड्यात उघडले तेव्हा त्याची मुदत संपून अकरा दिवस झाले होते, आणि देणाऱ्या कंपनीने नियमावलीतले कलम दाखवून हात वर केले. तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक व्हाउचरची मुदत लाल शाईने लिहितो. रोख आणि व्हाउचर यांत निवड असेल तर मी रोखच घेतो. व्हाउचर घ्यायचेच तर जिथे एरवीही किराणा भरतो त्याच दुकानाचे घ्यावे.

सर्व्हेंतून मिळणारी रक्कम आयकराच्या दृष्टीने ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ ठरते. ती किरकोळ असली तरी विवरणपत्र भरताना वर्षाची बेरीज दाखवावी. वही असल्यामुळे हे काम पाच मिनिटांत होते.

तासाच्या भावात तळाला गेलेले कार्यक्रम बंद करताना नुसते अ‍ॅप काढून टाकू नये, कारण आपली माहिती त्यांच्याकडे तशीच राहते. आधी शिल्लक काढावी, मग सेटिंगमध्ये जाऊन खाते हटवण्याची विनंती करावी, आणि तसा पर्याय नसेल तर ई-मेलने लेखी मागणी करावी. माझ्या फोनमध्ये एके काळी अशी चौदा अ‍ॅप्स होती, आता तीन आहेत. वाशी लोकलमध्ये सर्व्हे आलाच तर भरतो, आणि नाही आला तर खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर असतोच.